दुसरा रकाना

गोरेवाड्याच्या तळ्यामागे, डांबर संपतं तिथे
एक निसर्ग-निवास आहे, पाच खोल्यांचा.
मी दरवेळी चौथी मागतो.
खिडकीसमोर बेहडा, बेहड्याला ढोली,
आणि चैत्रात त्या ढोलीत राखी धनेशाची मादी
नवऱ्याच्या भरवशावर
स्वतःला आतून लिंपून घेते.
अजून फाल्गुन आहे. ढोली रिकामी.

पहाटे पाचला सुकेशिनी मेश्राम मला उठवते.
दार वाजवत नाही. वाजवलेलं मला कळत नाही.
व्हरांड्यातला दिवा ती तीनदा मालवते, तीनदा पेटवते.

चौतीस वर्षं मी वाडीच्या कारखान्यात
प्रेसच्या उजव्या हाताला उभा होतो.
जाड आवाज अजून येतात मला:
ट्रक, भारद्वाज, मेहुण्याचा खोकला.
बारीक गेले.
आधी चष्मेवाला, मग शिंजीर, मग कुकरच्या शिट्टीचं टोक.
एकानेही निरोप घेतला नाही.
बरीच वर्षं मला वाटत होतं
पक्षीच कमी झालेत.

काल रात्री जेवताना शिरभाते डॉक्टर
दूरच्या कुठल्या सदापर्णी रानातून आलेले फोटो दाखवत होते.
हिरव्यावर हिरवं, त्याच्यावर पुन्हा हिरवं.
म्हणाले, आठ दिवसांत पाहिलं थोडं, ऐकलं फार.
तिथं डोळे मिटायचे, नुसता कान लावायचा.
मी म्हटलं, वा,
आणि भाकरीचा तुकडा तर्रीत बुडवत राहिलो,
भिजून तुटेपर्यंत.

आमचं रान तसलं नाही.
आमचं रान या दिवसांत सगळं खाली टाकून देतं.
सागाचं पान सुपाएवढं, पापडासारखं मोडतं पायाखाली
(ते मला तळव्यांतून कळतं)
आणि वर उरतात नुसत्या फांद्या,
लपायला जागा नसलेल्या.
लोक पानगळीवर उसासे टाकतात.
मला वाटतं, कुणीतरी खिडकीचा पडदा ओढून म्हणतंय,
बघ बाबा, तुला असंच दिसेल.

पाणवठ्याच्या उतारावर सुकेशिनी थबकली.
माझ्याकडे तोंड वळवून, ओठ मोकळे ठेवून म्हणाली,
"निखार हायेत जी सर. चार-पाच. आयकू येते का?"
"नाही."
"तुमीच एक खरं बोलता. बाकीचे सारे हो म्हनतात."
मग बोट वर.
मोईच्या शेंड्यावर आधी काहीच नव्हतं,
मग राखेवर कुणी फुंकर घातल्यासारखा
एक पेटला, विझला, पलीकडच्या फांदीवर पेटला.
भट्टीसमोर आयुष्य काढलं मी.
एवढ्या लहान विस्तवाला
कधी इतका वेळ पाहिलं नव्हतं.

वहीत माझा एकच रकाना: पाहिले.
तारीख, जागा, नाव, किती.
तिने वही मागून घेतली,
पेन्सिलीने शेजारी उभी रेघ ओढली,
वर लिहिलं: आयकले.
मी म्हटलं, अगं, तो रिकामाच राहील.
ती मान वर करून फांद्यांकडे बघत होती,
आणि हात खाली, न बघता, चालू होता:
बारीक तिरप्या रेघा, वर जाणाऱ्या,
मध्ये फट, पुन्हा तीन,
एक लांब, शेवटी जवळजवळ पुसट.
"हे असं," ती म्हणाली,
आणि पुढे चालू लागली, कारण साडेसातला
पुण्याच्या पाहुण्यांना वाघ हवा होता.

आता रात्र आहे. कोराडीच्या बाजूला आभाळ तांबूस.
दिव्याखाली मी पान उलटून पाहतो.
मागच्या बाजूला तिच्या रेघा उठल्या आहेत,
बोटाला लागतात.
वर, वर, फट, तीन.
चौथ्या रेघेवर तिने पेन्सिल इतकी दाबलीय
की कागद फाटायचाच राहिला.
उद्या विचारलं पाहिजे
तिथे काय झालं होतं.